हरिण आणि एल्क यांच्या शिकारीसाठी गोळी आणि काडतूस कसे निवडावे

उत्तर अमेरिकेतील हरिण किंवा एल्क (हरणाच्याच कुळातला, पण बराच थोराड प्राणी) यांच्या पहिल्या शिकारीची तयारी करणारा माणूस बहुधा एकाच प्रश्नाने सुरुवात करतो: कोणते काडतूस घ्यावे? अनुभवी मंडळीही याच प्रश्नावर तासन् तास वाद घालतात, कोणी.२७० विंचेस्टरची बाजू घेतो, कोणी .३०-०६ ची, तर कोणी अलीकडच्या ६.५ क्रीडमूरची. माझ्या मते हा प्रश्न चुकीचा नसला तरी तो सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. जनावराला काडतूस लागत नाही. त्याला लागते ती साधारण आठ ते बारा ग्रॅम वजनाची एक गोळी, आणि तीही नळीतून सुटतानाच्या वेगाने नव्हे, तर त्या अंतरावर उरलेल्या वेगाने. म्हणून निवड उलट दिशेने करत यावी: आधी प्राणी, मग आपण ज्या अंतरावरून खात्रीने नेम साधू शकतो ते अंतर, मग त्या अंतरावर गोळीचा उरणारा वेग, त्या वेगाला साजेशी गोळीची घडण आणि वजन, आणि एवढे ठरल्यावर ती गोळी त्या वेगाने नेऊन पोहोचवणारे काडतूस.

पुढे जाण्याआधी शब्द स्पष्ट केलेले बरे, कारण बोलताना आपण ‘गोळी’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडातील प्रायमर (आघाताने पेटून दारू पेटवणारी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा पूर्ण संच. गोळी म्हणजे त्यातला नळीतून बाहेर पडणारा भाग. काडतुसाचे नाव खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते आणि गोळीचे नाव व वजन त्याखाली लहान अक्षरांत; शिकाऱ्याने मात्र ती लहान अक्षरे आधी वाचावीत. गोळीचे वजन ग्रेनमध्ये देतात, आणि ७,००० ग्रेनचा एक पाउंड होतो. हे वजन गोळीचे असते, दारूचे नव्हे, ही गोष्ट नवख्यांना सांगावी लागते.

प्राणी आणि कायदा

व्हाइटटेल आणि म्यूल डिअर ही दोन्ही हरणे एल्कच्या मानाने हलक्या बांध्याची आहेत. दक्षिणेकडचा व्हाइटटेल नर पन्नास-साठ किलोंचा असू शकतो, तर उत्तरेकडचा थोराड नर १३० किलोंच्याही पुढे जातो. रॉकी पर्वतातील एल्कची प्रौढ मादी सुमारे २२५ किलोंची आणि नर सुमारे ३२० किलोंचा असतो. मात्र वजनापेक्षा महत्त्वाचे म्हणजे गोळीला आत किती अंतर कापावे लागते आणि वाटेत काय आडवे येते. हरिण पूर्ण आडवे उभे असेल, तर बरगड्यांमधून फुप्फुसे ओलांडून पलीकडे जायला गोळीला फारसे कष्ट पडत नाहीत. एल्कच्या बाबतीत कातडी जाड, स्नायूंचे थर मोठे आणि फऱ्याचे हाड भक्कम असते; त्यातून तो जरा तिरका उभा असला तर हृदय-फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याआधीच गोळीला बरेच मांस आणि हाड फोडावे लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा पट्टा साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. एल्कचा तो बारा इंचांच्या आसपास असतो. म्हणजे एल्कवर नेम साधायला जागा अधिक मिळते, पण चुकीच्या गोळीला क्षमा कमी मिळते.

कायद्याची किमान अट राज्यागणिक बदलते, त्यामुळे ज्या राज्याचा परवाना काढला आहे त्या राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका खरेदीआधी वाचावी. कोलोरॅडोचे नियम उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहेत: तिथे रायफलचा कॅलिबर, म्हणजे नळीचा आतला व्यास, किमान .२४ इंच (६ मिलिमीटर) असावा लागतो. गोळी उमलणारी, म्हणजे आदळल्यावर पुढून पसरणारी, असावी लागते. तिचे वजन हरणासाठी किमान ७० ग्रेन आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन असावे लागते. आणि उत्पादकाच्या आकड्यांनुसार १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पाउंड (ऊर्जा मोजण्याचे तिथले एकक) भरावी लागते. ओहायोसारख्या काही राज्यांत हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीचीच काडतुसे चालतात, म्हणजे तोंडाशी निमुळती होणारी .३०८ किंवा .२७० यांसारखी काडतुसे तिथे बादच होतात. २०१९ मध्ये आलेल्या.३५० लेजंडला ग्राहक मिळाले ते मुख्यतः अशाच राज्यांत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे, त्यामुळे तिथे तांब्याच्या गोळीला पर्यायच उरत नाही. एक लक्षात ठेवावे की कायद्याची किमान मर्यादा ही शिफारस नसते. १०० ग्रेनची .२४३ कोलोरॅडोत एल्कसाठी नियमात बसते. म्हणून ती एल्कसाठी योग्य ठरते असे नाही.

पूर्ण धातूच्या कवचाच्या, म्हणजे न उमलणाऱ्या, लष्करी धर्तीच्या गोळ्या मोठ्या शिकारीसाठी अनेक राज्यांत निषिद्ध आहेत, आणि जिथे नाहीत तिथेही त्या वापरू नयेत. अशी गोळी पेन्सिलीच्या जाडीचे भोक पाडून आरपार जाते आणि जखमी जनावर बरेच अंतर पळून मागाबाहेर मरते.

गोळी आत शिरल्यावर काय घडते

जनावर ‘धक्क्याने’ पडत नाही. गोळीने फुप्फुसे आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाडल्या की मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही सेकंदांत थांबतो आणि जनावर कोसळते. मज्जारज्जूवर आघात झाला तर ते जागीच पडते, पण तो नेम जाणीवपूर्वक धरण्याचा नव्हे. गोळीकडून म्हणूनच दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. तिने उमलून, म्हणजे पुढून छत्रीसारखी पसरून, रुंद जखम करावी. आणि तरीही अखंड राहून पुरेशी खोल जावी, शक्यतो पलीकडून बाहेर पडावी. बाहेर पडण्याचे छिद्र मिळाले तर रक्ताचा माग जमिनीवर स्पष्ट मिळतो, आणि दाट जंगलात किंवा संधिप्रकाशात त्याचे मोल ऊर्जेच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त असते. उमलणे जितके जास्त, तितका आत शिरताना अडथळा जास्त. या दोहोंमधला तोल म्हणजेच गोळीची घडण, आणि तो तोल वेगावर अवलंबून असतो.

गोळी बिघडते ती दोन तऱ्हांनी. जवळून, अतिवेगाने आदळलेली नाजूक गोळी बरगडीवर किंवा फऱ्याच्या हाडावरच फुटते, वर उथळ, भयंकर दिसणारी जखम होते आणि आत काहीच पोहोचत नाही. उलट, दुरून मंदावलेली कठीण गोळी उमलतच नाही आणि बारीक भोक पाडून निघून जाते. बहुतेक शिकारी गोळ्यांना नीट उमलण्यासाठी आदळताना सेकंदाला सुमारे १,८०० फूट वेग लागतो. तांब्याच्या कित्येक गोळ्यांना त्याहून थोडा अधिक, २,००० च्या आसपास असलेला बरा, आणि लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या काही गोळ्या याहून कमी वेगातही उमलतात. हा आकडा उत्पादक आपल्या माहितीत देतात. माझ्या दृष्टीने गोळी निवडताना पाहण्याचा हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि दुकानात त्याबद्दल विचारणारे फार थोडे असतात.

आता घडणीचे प्रकार पाहू. सर्वांत जुनी आणि स्वस्त घडण म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच आणि टोकाला उघडे शिसे. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून या प्रकारात आहे. हॉर्नडीची इंटरलॉक आणि सिएराची गेमकिंग याच कुळातल्या. हरणासाठी, मध्यम वेगाच्या काडतुसातून आणि ३०० यार्डांच्या आत, या साध्या गोळ्या पूर्ण समाधानकारक काम करतात. महागडी गोळी म्हणजे अधिक चांगली गोळी हा समज हरणाच्या शिकारीत पैसे वाया घालवण्याचे मोठे कारण आहे.

या साध्या घडणीची मर्यादा दाखवणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या .३०० एच अँड एच मॅग्नमच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या एका नर मूसवर, म्हणजे एल्कहूनही मोठ्या हरणावर, आदळल्या आणि जाड कातडी व स्नायूंतच फुटून गेल्या. पुरेशा खोल शिरल्याच नाहीत. काडतूस तर त्या काळातले चांगलेच जोरकस होते. दोष गोळीत होता, आणि काडतुसाच्या जोराने तो झाकला न जाता उलट वाढला, कारण जास्त वेग म्हणजे गोळीवर जास्त ताण. नॉस्लर यांनी मग गोळीच्या मध्यभागी तांब्याची आडवी भिंत ठेवली: पुढचा शिशाचा भाग उमलतो, प्रसंगी झिजूनही जातो, पण भिंतीमागचा भाग अखंड राहून आत शिरत राहतो. हीच पार्टिशन गोळी, आणि तिच्या विक्रीसाठी १९४८ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली. एल्कसाठी ही गोळी आजही मी डोळे मिटून सुचवेन. तिच्यात दिसायला आकर्षक असे काही नाही आणि लांब पल्ल्यावर ती हवेचा रोध जास्त सोसते, पण जवळच्या आणि मध्यम अंतरावर तिचे वागणे अंदाजाबाहेर जात नाही.

दुसरा मार्ग म्हणजे शिशाचा गाभा कवचाला रासायनिक किंवा उष्णतेच्या प्रक्रियेने कायमचा जोडणे. अशा गोळ्यांना बॉन्डेड म्हणतात. नॉस्लरची ॲक्युबॉन्ड, फेडरलची फ्यूजन आणि स्विफ्टची सिरोको ही त्यांची उदाहरणे; स्विफ्टच्या ए-फ्रेममध्ये तर आडवी भिंत आणि जोडलेला गाभा दोन्ही आहेत. हाडावर आदळली तरी बॉन्डेड गोळी कवच सोडत नाही, आणि टोक प्लास्टिकचे असेल तर हवेत वेगही चांगला टिकवते. एकच गोळी हरीण आणि एल्क दोघांसाठी घ्यायची असेल, तर या वर्गातून निवडणे सर्वांत सोपे.

तिसरा प्रकार निखळ तांब्याचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा. बार्न्सची एक्स गोळी १९८९ मध्ये बाजारात आली आणि तिची पुढची रूपे टीएसएक्स व टीटीएसएक्स आज सर्वत्र मिळतात. या गोळीचे टोक पाकळ्यांसारखे मागे वळते आणि जवळजवळ सगळे वजन शाबूत राहते, त्यामुळे ती तिच्या वजनाच्या मानाने फार खोल जाते. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची सुमारे ९, म्हणजे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवण्यासाठी नळीतल्या आट्यांचा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचांचा, पीळ अधिक घट्ट लागतो. यावर सोपा उपाय आहे: तांब्याच्या गोळीत एक पायरी हलके वजन घ्यावे. .३०८ मध्ये जिथे १६५ ग्रेनची शिशाची गोळी घेतली असती, तिथे तांब्याची १५० ग्रेनची पुरते. हरणासाठी १३० ग्रेनचीही. वजन कमी केल्याने वेग वाढतो, आणि तांब्याला उमलण्यासाठी तो हवाच असतो.

तांब्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. शिशाची गोळी उमलताना तिचे अतिशय बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. क्ष-किरण चित्रांत ते धुळीसारखे विखुरलेले दिसतात. त्यांतले काही ताटात येऊ शकतात, आणि रानात टाकलेल्या आतड्यांतून ते गिधाडवर्गीय पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्निया काँडोरच्या मृत्यूंमागे शिशाची विषबाधा हे प्रमुख कारण ठरले आहे. घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर मी तांब्याची गोळीच निवडण्याचा सल्ला देईन, आणि शिशाची वापरलीच तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे.

उरला तो पातळ कवचाच्या, नेमबाजीच्या स्पर्धांसाठी घडवलेल्या गोळ्यांचा प्रकार. कागदावर त्या अतिशय अचूक असतात आणि काही शिकारी त्या हरणावर वापरतातही, पण त्यांचे उमलणे बेभरवशाचे असते. एल्कसाठी त्या नकोतच.

वजन, लांबी आणि ऊर्जेचे आकडे

एकाच व्यासाच्या गोळ्यांमध्ये जड गोळी लांब असते आणि तीच घडण असेल तर खोल जाते. पाउंडांतल्या वजनाला इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्याला छेद-घनता म्हणू. .३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेन गोळीची छेद-घनता .२२६ भरते, १८० ग्रेनची .२७१, ६.५ मिलिमीटरची १४० ग्रेन गोळी मात्र .२८७ पर्यंत जाते. ६.५ ची काडतुसे आपल्या आकाराच्या मानाने खोल शिरतात ती याच कारणाने. साध्या, शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांसाठी एल्कला .२५ च्या वरचा आकडा पाहावा. तांब्याच्या किंवा बॉन्डेड गोळीला हा नियम तितका लागू नाही, कारण आदळल्यावर वजन टिकले की सुरुवातीचा आकडा थोडा कमी असला तरी भागते.

ऊर्जेचे आकडे मात्र जपून वाचावेत. हरणासाठी १,००० आणि एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड हा फार जुना ठोकताळा आहे. भौतिकशास्त्राने सिद्ध केलेली ती सीमा नव्हे. तरी अंतराची मर्यादा ठरवायला तो उपयोगी पडतो. १५० ग्रेनची .३०८ नळीतून सुमारे २,८२० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते तेव्हा तिची ऊर्जा सुमारे २,६५० फूट-पाउंड असते. ३०० यार्डांवर वेग २,२०० च्या आणि ऊर्जा १,६०० च्या आसपास उरते. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची लांबट गोळी २,७०० फुटांनी निघून ३०० यार्डांवर साधारण तेवढीच ऊर्जा बाळगते, पण वेग थोडा जास्त टिकवते. १०० ग्रेनची .२४३ तिथे १,१५० च्या जवळ येते. म्हणजे .२४३ हरणासाठी ३०० यार्डांपर्यंत ठीक, एल्कसाठी अपुरी. आणि पहिल्या दोन काडतुसांना एल्कसाठी ३०० ते ३५० यार्डांची लक्ष्मणरेषा आखून घ्यावी.

अंतराबद्दल एक परखड गोष्ट सांगायला हवी. बहुतेक शिकाऱ्यांची मर्यादा त्यांच्या काडतुसाआधी संपते. धापा टाकत चढण चढून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, थंडीने बधिर बोटांनी चाप ओढताना दहांपैकी नऊ गोळ्या आठ इंचांच्या वर्तुळात ज्या अंतरावर बसतात, तेच आपले अंतर. ते २०० यार्ड असेल तर खालची सगळी निवड २०० यार्डांसाठीच करावी. ५०० यार्डांवर उमलणारी गोळी विकत घेऊन ती ८० यार्डांवरच्या हरणावर झाडणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण.

आता काडतूस

नावांवरून फार काही समजत नाही. .२७० विंचेस्टरच्या गोळीचा व्यास खरे तर .२७७ इंच आहे; .३०-०६ मधील ०६ म्हणजे १९०६ हे साल, तर .३०-३० मधील दुसरे ३० हे तिच्या सुरुवातीच्या दारूचे ग्रेनमधील वजन. नावाच्या मोहात न पडता पुंगळी गोळीला किती वेग देते, खांद्याला किती धक्का देते आणि दुकानात ती सहज मिळते का, एवढे पाहावे.

फक्त हरणासाठी, आणि विशेषतः नवख्या किंवा बारीक चणीच्या नेमबाजासाठी, १९५५ ची .२४३ विंचेस्टर ९५ ते १०० ग्रेनच्या शिकारी गोळीसह उत्तम आहे. तीत ५५ ग्रेनच्या आसपासच्या हलक्या गोळ्याही मिळतात, पण त्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी असतात. हरणावर त्या वापरू नयेत. दाट जंगलात दीडशे यार्डांच्या आत शिकार करायची असेल तर १८९५ ची .३०-३० आजही जुनी झालेली नाही. १५० ग्रेनची तिची गोळी २०० यार्डांवर १,६०० फुटांच्या वेगाला येते, तरी उमलते, कारण ती त्या वेगासाठीच मऊ घडवलेली असते. .३०८ मध्ये बसणारी गोळी आणि .३०-३० मध्ये बसणारी गोळी एकाच व्यासाच्या, पण त्यांची घडण वेगळ्या वेगासाठी; काडतुसे घरी भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणखी एक इशारा: नळीसारख्या मॅगझिनमध्ये (रायफलीतला काडतुसे साठवण्याचा भाग) काडतुसे एकामागे एक बसतात, म्हणून टोकदार कठीण गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकून आतच स्फोट होऊ शकतो. अशा रायफलीत चपट्या टोकाच्या किंवा मऊ लवचीक टोकाच्या, त्यासाठीच बनवलेल्या गोळ्या घालाव्यात.

हरीण आणि एल्क दोन्हींसाठी एकच रायफल ठेवायची असेल तर निवड खूप सोपी होते. १९२५ ची .२७० विंचेस्टर, १९५२ ची .३०८ विंचेस्टर, १९८० ची ७ एमएम-०८ रेमिंग्टन, .२८० रेमिंग्टन आणि .३०-०६ यांपैकी कोणतीही चालते. .२७० मध्ये हरणासाठी १३० ग्रेनची साधी गोळी आणि एल्कसाठी १४० ते १५० ग्रेनची पार्टिशन किंवा बॉन्डेड; ७ एमएम-०८ मध्ये दोन्हींसाठी १४० ग्रेन; .३०८ मध्ये १५० आणि १६५; .३०-०६ मध्ये १५० ते १६५ आणि १८०. ही यादी पाहून कोणाला निराशा वाटेल, कारण तीत नवे असे काही नाही. पण या काडतुसांसाठी गोळ्यांची निवड सर्वांत मोठी असते, आणि आपला मूळ प्रश्न गोळीचा आहे. २००७ ची ६.५ क्रीडमूर हरणासाठी अतिशय चांगली आहे: धक्का कमी, आणि ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर तिची लांब गोळी .३०८ च्या १५० ग्रेन गोळीच्या साधारण दोन-तृतीयांशच सरकते. एल्कसाठी ती चालते, पण पक्क्या घडणीच्या गोळीने, शांत उभ्या आडव्या जनावरावर आणि मर्यादित अंतरावर.

मग मॅग्नम, म्हणजे जास्त दारूची आणि जास्त वेगाची, काडतुसे कशाला? १९६२ ची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ ची .३०० विंचेस्टर मॅग्नम यांचा खरा फायदा उघड्या डोंगरउतारांवर, ३०० यार्डांच्या पुढे, जिथे गोळीचा वेग अजून उमलण्यापुरता राहतो. ७ एमएम मध्ये १६० ग्रेन आणि .३०० मध्ये १८० ते २०० ग्रेनची पक्की गोळी एल्कसाठी घ्यावी. जवळच्या अंतरावर या काडतुसांतून नाजूक गोळी उडवली तर नॉस्लर यांचा अनुभवच पुन्हा येईल. याची किंमत खांदा मोजतो. साधारण आठ पाउंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का दहा फूट-पाउंडांच्या आत, .३०८ चा सोळा-अठरा, .३०-०६ चा वीसच्या आसपास आणि .३०० मॅग्नमचा पंचवीसच्या पुढे भरतो. वीस फूट-पाउंडांच्या पुढे बहुतेक माणसे चाप ओढण्याआधी नकळत डोळे मिटतात आणि खांदा पुढे ढकलतात, आणि ही खोड लागली की ती मोडायला वर्ष जाते. मॅग्नममधून पोटात लागलेली गोळी .२४३ ने फुप्फुसात मारलेल्या गोळीपेक्षा सर्वार्थाने वाईट. शंका असेल तिथे एक पायरी खालचे काडतूस आणि एक पायरी वरची गोळी घ्यावी.

आपल्या रायफलीत पारखणे

कागदावर ठरवलेली गोळी आपल्या नळीला मानवतेच असे नाही. त्याच कारखान्याच्या दोन रायफली एकाच काडतुसाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. म्हणून ठरवलेल्या वर्गातल्या तीन किंवा चार गोळ्यांची वीस काडतुसांची एकेक खोकी आणावी आणि १०० यार्डांवर, पक्क्या आधारावरून, नळी थंड होऊ देत प्रत्येकीचे तीन-तीन गोळ्यांचे किमान दोन गट पाडावेत. तांब्याच्या गोळ्या आणि कवचाच्या गोळ्या यांच्यामध्ये नळी स्वच्छ करावी. एकीचा थर दुसरीच्या नेमावर परिणाम करतो. दीड ते दोन इंचांचा गट, म्हणजे सगळी छिद्रे एवढ्या अंतरात, शिकारीला पुरतो: १०० यार्डांवर दोन इंच म्हणजे ३०० वर सहा, आणि हरणाचे फुप्फुस त्याहून मोठे असते. अर्ध्या इंचाच्या गटासाठी चुकीच्या घडणीची गोळी निवडणे, हा नेमबाजीच्या मैदानावरचा मोह रानात महागात पडतो.

निवड पक्की झाली की रायफलीवरची दुर्बीण त्याच काडतुसाने २०० यार्डांवर नेम बरोबर बसेल अशी जुळवावी. तिथून ३०० यार्डांवर १३० ग्रेनची .२७० साधारण साडेसहा इंच, ६.५ क्रीडमूर आठच्या आसपास आणि १५० ग्रेनची .३०८ साडेआठ इंच खाली जाते. हे आकडे छापील असतात, म्हणून ३०० वर स्वतः गोळ्या झाडून आपला आकडा टिपून घ्यावा. मग त्याच खोक्यावर छापलेला लॉट क्रमांक (एका वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक) पाहून, त्याच लॉटची आणखी चार-पाच खोकी विकत घ्यावीत, कारण लॉट बदलला की नेमाचा बिंदू थोडा सरकू शकतो. प्रवासात रायफल आदळली असण्याची शक्यता धरून, शिकारीच्या आदल्या दिवशी तळावर दोन गोळ्या झाडून नेम पुन्हा तपासावा.

शेवटचे काम खिशात काडतुसे भरतानाचे. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का आणि नळीवर कोरलेले नाव अक्षरशः जुळले पाहिजे. नावात ७ एमएम असलेली काडतुसे अनेक आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रेमिंग्टनने १९७९ मध्ये.२८० चे नाव ७ एमएम एक्सप्रेस केले, तेव्हा ते ७ एमएम मॅग्नम समजून वापरले जाऊ लागले आणि जुने नाव परत आणावे लागले. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, जाऊन बसू शकते आणि चाप ओढल्यावर रायफल फुटते. दोन वेगवेगळ्या रायफलींची काडतुसे एकाच खिशात, एकाच पिशवीत किंवा गाडीच्या एकाच कप्प्यात ठेवू नयेत, आणि तळावर सोबत्याकडून उसने घेतलेले काडतूस दिवसाच्या उजेडात बुडावरचा शिक्का वाचल्याशिवाय भरू नये.